बेचिराग

गाडी लावून उतरणीला लागलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली. उत्तर इंग्लंडात या दिवसांत ऊन निघालंच तर तिरपं निघतं, जमिनीला घासून जाणारं. आम्हाला तेच हवं होतं. जे गाव बघायला निघालो होतो ते डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. सावल्या लांबल्या की हळूहळू वर येतं.

लीड्सहून यॉर्क, तिथून मॉल्टन, आणि मॉल्टनच्या पुढे वोल्ड्स नावाचा टेकड्यांचा मुलूख. टेकड्या म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांपुढे आणू नये. ह्या खडूच्या टेकड्या आहेत, गोल आणि मऊ, पाठीवर पातळशी माती घेतलेल्या. नांगरलेल्या रानात पांढरे खडे उघडे पडलेले दिसतात. मधूनमधून अरुंद खोल दऱ्या. त्यातल्याच एका दरीच्या काठावर व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. वाहनतळापासून सव्वाएक किलोमीटर चालावं लागतं. तिकीट नाही, फाटकावर माणूस नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. वाटेत तिनं विचारलं, "आई, तिथे नक्की आहे काय?"

"छप्पर नसलेलं एक चर्च आहे," मी म्हटलं, "आणि गवत."

"मग गाव?"

"गवताखाली."

दरीच्या तळाशी झऱ्याचं पाणी अडवून केलेलं जुनं तळं आहे. त्याच्या वरच्या अंगाला सेंट मार्टिनचं चर्च, उघडं, अर्धा मनोरा पडलेला. शेजारी शेतमजुरांची, फार नंतरची एक चाळ. माणसाच्या हातचं उभं असलेलं एवढंच. बाकी सगळं वर, पश्चिमेच्या पठारावर. चढून गेलं की आधी नुसतं कुरण दिसतं, उंचसखल, मेंढ्यांनी कातरल्यासारखं आखूड गवत. मग डोळा सरावतो. हा लांब खोलगट पट्टा म्हणजे रस्ता. शेकडो वर्षं पायांनी, चाकांनी, खुरांनी खचत गेलेला. आमच्याकडे ह्याला पाणंद म्हणतील. त्याच्या कडेला ओळीनं चौकोन, प्रत्येक चौकोनाला बुटकासा बांध. पुढे घर, मागे परडं. आणि एकदा पहिलं घर दिसलं की दुसरं, तिसरं, दहावं दिसत जातं, आणि मग गवत दिसेनासं होतं.

माझे आजोबा तलाठी होते, कराडकडे. गाव म्हणजे त्यांच्या लेखी दोन रंग: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. माणसं उठून गेली, घरं बसली, पार सपाट झाली तरी ती जागा पांढरीच राहते. जुन्या भिंतींची माती रंग सोडत नाही. इथे व्हॅरमच्या कुरणात एका ठिकाणी सशांनी बीळ उकरलं होतं. आतून बाहेर आलेला ढीग खडूचा, पांढराफेक. मी वाकून चिमूटभर बोटांवर घेतला. आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

त्यांनीच मला लहानपणी एका शब्दाचा खरा अर्थ सांगितला होता. कुठल्याशा धड्यात 'बेचिराख' आला होता आणि मी त्यात राख बघत होते: शत्रूनं गाव जाळलं, राख झाली. ते म्हणाले, राखेचा काही संबंध नाही, मूळचा फारसी शब्द बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सांजेला दिवा लागत नाही ते बेचिराग. जुन्या दप्तरांत तसंच लिहिलेलं असे. गावाला नाव असतं, शीव असते, जमीन असते, साराही असतो, फक्त दिवा नसतो.

पुढे आपण 'ग'चा 'ख' केला आणि शब्दाला आग लावली. जळून गेलेलं गाव समजायला सोपं असतं. कोण आला, कधी आला, सगळं एका रात्रीत. व्हॅरम पर्सी असं गेलं नाही. ते जायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि शेवटी जे घडलं ते कुणाच्या आरोळ्या न ऐकू येता घडलं. म्हणून मला जुनाच शब्द हवा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडातले मोठे आर्थिक इतिहासकार म्हणत की या देशात उजाड गावं जवळजवळ नाहीतच. मॉरिस बेरेसफर्ड हा इतिहासाचा अभ्यासक तेव्हा विशी-पंचविशीतला होता. मध्य इंग्लंडात जुने शेतनकाशे घेऊन तो पायी हिंडत असे, आणि नकाशात न बसणारे उंचवटे त्याला कुरणात दिसत. १९४८ साली तो लीड्सच्या विद्यापीठात शिकवायला आला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं व्हॅरम पहिल्यांदा पाहिलं. १९५० साली कुदळ घेऊन तो परत आला. तो पुरातत्त्वाचा माणूस नव्हता. त्याला एवढंच सिद्ध करायचं होतं की या गवताच्या चौकोनांखाली खरोखर भिंती आहेत. भिंती निघाल्या.

दोन वर्षांनी जॉन हर्स्ट त्याला येऊन मिळाला. सरकारी खात्यातला तरुण पुरातत्त्वज्ञ, मध्ययुगीन खापरांचा जाणकार. तोवर तिथे उत्खनन म्हणजे किल्ले, मठ, रोमन हवेल्या. शेतकऱ्याचं घर खणावं, आणि तेही राजवाड्याइतक्याच बारकाईनं खणावं, हा विचारच नवा होता. भिंतीच्या कडेनं चर मारत जाण्याऐवजी हर्स्टनं अख्खं घर एकदम उघडायला घेतलं. ही पद्धत त्यानं डेन्मार्ककडून उचलली होती. थर एकेक करून सोलायचा, दगड न दगड कागदावर मांडायचा, मगच खाली जायचं. एका घराला कित्येक उन्हाळे लागायचे.

आणि उन्हाळे लागले तरी किती? चाळीसएक. १९५० ते १९९०, दर वर्षी. दोघांनी आयुष्याचा मोठा भाग एका गावाला दिला. बेरेसफर्ड कागद वाचायचा, हर्स्ट माती. विद्यार्थी येत, शिक्षक येत, सुट्टी काढून कारकून येत, सुधारगृहातली मुलंही बेरेसफर्ड घेऊन येई. सगळ्यांचा मुक्काम त्या मजुरांच्या चाळीत आणि आजूबाजूला तंबूंत. ज्या गावाला १५०० च्या सुमारास माणूस उरला नव्हता तिथे साडेचारशे वर्षांनी दर उन्हाळ्यात काही आठवडे चूल पेटायची, पंगत बसायची, अंधार पडल्यावर उजेड दिसायचा. आज इंग्लंडात अशा तीन हजारांहून अधिक उजाड गावांची नोंद आहे. 'जवळजवळ नाहीतच' म्हटलेली तीन हजार गावं.

त्यांना काय सापडलं? खजिना नाही. सूत कातायच्या चात्या सापडल्या, किल्ल्या आणि कुलपं सापडली, फुटकी मडकी, घोड्याचे नाल, आणि समुद्र दूर असूनही समुद्रातल्या मासळीचे काटे. म्हणजे बाजारहाट होती आणि कुलूप लावण्याजोगं घरात काहीतरी होतं. मला ती कुलपं फार मोलाची वाटतात. मध्ययुगातला गरीब शेतकरी म्हटलं की आपण त्याच्या हाती काहीच देत नाही, आणि हा तर दाराला कुलूप लावून शेतावर जात होता.

घरं लांबट होती. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, काही घरांत तर एकाच आढ्याखाली. मध्ये येण्याजाण्याची वाट. कोकणात किंवा मावळात वाढलेल्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही. भिंतींचा पाया खडूच्या दगडांचा, वर गवताचं छप्पर. सुरुवातीला उत्खनन करणाऱ्यांचा समज झाला की ही घरं अगदी तकलादू होती, दर पिढीला पडत आणि पुन्हा बांधली जात, कारण भिंतींच्या ओळी पुन्हा पुन्हा सरकलेल्या दिसत होत्या. १९८० नंतर स्टुअर्ट रॅथमेल या संशोधकानं तोच पुरावा नव्यानं तपासला आणि उलटं निदान केलं. छपराचा भार भिंतींवर नव्हताच. वाकड्या भक्कम लाकडांच्या जोड्या जमिनीपासून उठून आढ्याला मिळत, भार त्या पेलत. भिंत म्हणजे नुसता आडोसा, हवा तेव्हा बदलावा. घर मोजायचं ते दोन जोड्यांमधल्या अंतरानं. आपल्याकडचा खण तो हाच! तीन खणी घर, चार खणी घर. म्हणजे जी घरं झोपड्या समजून मोडीत काढली होती ती पिढ्यान् पिढ्या उभी होती; आजोबांनी घेतलेल्या लाकडाखाली नातू निजत होता.

पण ज्या गोष्टीसाठी मी इथे तिसऱ्यांदा आले ती याहून लहान आहे.

घरांतल्या जमिनी उघडल्या तेव्हा त्या मधोमध खोलगट निघाल्या, पसरट परातीसारख्या. मुद्दाम कुणी खणल्या नव्हत्या. झाडून झाडून झिजल्या होत्या. रोज केर काढला जाई, इतका मन लावून की काटक्यांच्या खराट्याबरोबर जमिनीचा कणही जात असे, आणि वर्षानुवर्षं जात राहिला. म्हणूनच घरांच्या आत फारसं काही सापडलं नाही. केर उकिरड्यावर आणि उकिरडा खत होऊन शेतात. फुटलेल्या मडक्यांचे बारीक तुकडे आजही आजूबाजूच्या रानांत विखुरलेले मिळतात.

पहिल्यांदा हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. माझ्या आजीचा दिवस केरानं सुरू व्हायचा. तांबडं फुटायच्या आत अंगणात खराट्याचा आवाज, मग घरात केरसुणीचा. पण आजी आठ दिवसांनी जमीन सारवायची. झिजलेलं शेणामातीनं भरून यायचं, म्हणून आमच्या घराच्या जमिनीत तिचा हात उरला नाही. व्हॅरमच्या बायांचा उरला. गावचे कागद आहेत ते जमीनदारांचे: कुणी वतन घेतलं, कुणी विकलं, कोण मेला, वारस कोण. त्यांत या बायांची नावं शोधून सापडायची नाहीत. त्यांची सही जमिनीवर आहे, उलट्या अक्षरांची, लिहून नव्हे तर खरवडून केलेली. मेहनतीचा पुरावा म्हणून आपण बांधलेलं काहीतरी बघतो. इथे पुरावा म्हणजे एक खळगा आहे.

चर्चभोवतीच्या दफनभूमीतून सातशेच्या आसपास सांगाडे निघाले. साध्या खेड्यातल्या माणसांचा एवढा मोठा संच इंग्लंडात दुर्मीळ, त्यामुळे त्यांच्या हाडांवर आजही अभ्यास चालू असतो. हाडांचे अभ्यासक सायमन मेज यांनी मुलांची हाडं मोजली. बाळं पहिलं वर्षभर आजच्या बाळांसारखीच वाढत होती; हाडांतल्या नायट्रोजनवरून कळलं की त्यांना साधारण दीड वर्षापर्यंत आईचं दूध मिळत होतं. दूध तुटलं की वाढ रेंगाळायला लागायची. चौदा वर्षांचं मूल उंचीनं आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढं असायचं. मोठेपणी हा फरक पुष्कळसा भरून यायचा, पण उशिरा. विशी आली तरी हाडं वाढतच असत.

हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती चर्चच्या दगडी भिंतीला टेकून उभी होती. तिनं स्वतःच्या खांद्याच्या बरंच खाली तळहात आडवा धरला. "एवढी?" मी म्हटलं, "साधारण." ती थोडा वेळ तो हात तसाच धरून होती, शेजारी खरंच कुणीतरी उभं असल्यासारखी.

त्या सांगाड्यांत एका चाळिशीच्या माणसाची कवटी आहे, अकराव्या शतकाच्या आसपासची. डोक्यावर जबर घाव बसलेला, आणि मग कुणीतरी कवटीचा भाग काळजीपूर्वक काढून उपचार केलेला. हाडाच्या कडा भरून आलेल्या आहेत. म्हणजे तो जगला. या आडबाजूच्या खेड्यात ते कसब असलेला माणूस कुठून तरी बोलावून आणला गेला, आणि त्यानंतर या जखमीला किती दिवस कुणी भरवलं असेल, कूस बदलून दिली असेल.

आणि दुसरीही हाडं आहेत. १९६० च्या दशकात चर्चपासून दूर, वस्तीच्या आतल्या खड्ड्यांत, १३७ हाडं एकत्र सापडली होती. किमान दहा माणसांची, त्यांत लहान मूलही. ती बरीच वर्षं तशीच ठेवून होती. २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकराव्या ते चौदाव्या शतकातली हाडं, मृत्यूनंतर सुरीनं कापलेली, मोडलेली, काही भाजलेली. दुष्काळात माणसानं माणूस खाल्ला का, हा प्रश्न आधी विचारला गेला. पण तसं असतं तर सुरीच्या खुणा सांध्यांवर आणि मांसल जागी असत्या. इथे त्या डोकं आणि मान यांच्याभोवती दाटल्या होत्या. बाहेरून आलेले कुणी परके असतील, म्हणून गावानं त्यांना चर्चच्या आवारात जागा दिली नसेल, हाही एक तर्क होता. दातांतल्या स्ट्राँशियमनं, म्हणजे लहानपणी अन्नपाण्यातून दातांत उतरणाऱ्या मूलद्रव्यानं, तो खोडला. माणसं इथल्याच मातीत वाढलेली होती. उरला तो तर्क भयाचा. मेलेला माणूस प्रेतासकट उठून चालत येतो, रोग पसरवतो, माणसं मारतो, अशी समजूत तेव्हा इंग्लंडात पक्की होती, आणि उपाय एकच: प्रेत उकरा, तोडा, जाळा.

आपलं भूत बहुधा देह टाकून येतं. यांचं देह घेऊन यायचं. मला हे वाचून किळस आली नाही. ज्या गावात डोकं फुटलेल्या माणसाला वाचवलं गेलं त्याच गावात कुणाच्या तरी आईचं किंवा मुलाचं प्रेत रात्री उकरलं गेलं. करणारे शेजारीच असणार. पन्नास-साठ उंबऱ्यांहून मोठी ही वस्ती बहुधा कधी नव्हती, इथे सगळे सगळ्यांना ओळखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे कसं पाहिलं असेल हे माझ्या मनातून जात नाही. आणि त्या सकाळीही केर काढला गेला असणार.

आता गाव गेलं कसं, ते.

सहलीला आलेल्या कुणालाही विचारा, उत्तर मिळेल: महामारी. १३४८-४९ ची काळी साथ. इंग्लंडातली निदान एक तृतीयांश माणसं तिनं नेली, बरेच अभ्यासक निम्मी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक ओसाड गावावर तिचं नाव लिहून मोकळं होता येतं. पण व्हॅरमचे कागद तसं सांगत नाहीत. साथीच्या पंचवीस वर्षं आधीच, १३२३ च्या एका चौकशीत, इथली जमीन पडीक आणि गिरण्या बंद असल्याची नोंद आहे. त्याच्या आगेमागे स्कॉटलंडच्या फौजा यॉर्कशर लुटत फिरल्या होत्या. गाव त्यातून सावरलं. साथीतूनही सावरलं. १३६८ मध्ये, साथीला वीस वर्षं होत आली तरी, सुमारे तीस घरं नांदती होती. मेलेल्यांच्या जमिनी जगलेल्यांनी कसायला घेतल्या होत्या.

साथीनं केलं ते वेगळंच. माणसं कमी आणि जमीन तेवढीच, त्यामुळे मजुराला कधी नव्हे तो भाव आला. १३५१ मध्ये मजुरी साथीच्या आधीच्या दरावर गोठवणारा कायदा झाला, तो पुरता कधी पाळला गेला नाही. पातळ मातीच्या वोल्ड्सवर राबण्यापेक्षा खालच्या खोऱ्यात बरी जमीन रिकामी पडलेली होती. एखादं कुटुंब निघून गेलं, मग दुसरं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पर्सी या जमीनदार घराण्यानं, ज्याचं नाव गाव आजही लावतं, व्हॅरमची अदलाबदल करून ते हिल्टन घराण्याला देऊन टाकलं. १४५८ मध्ये सोळा घरं उरली होती.

आणि मेंढरं वाढत होती. इथे थोडं थांबायला हवं. मेंढी या गावाची शत्रू नव्हती. वोल्ड्सची हलकी जमीन मेंढरांवाचून पिकलीच नसती. दिवसा कळप माळावर चरायचा आणि रात्री पडीत रानात कोंडून बसवायचा, म्हणजे लेंडीखत जागच्या जागी. आपल्याकडे धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात ते हेच गणित. मेंढरं रान खतवत, रानात जव आणि गहू पिके, त्यावर माणसं जगत. बदललं ते एवढंच की लोकरीचा पैसा धान्याच्या पैशापेक्षा सुटसुटीत झाला. नांगरटीला बैल, माणसं, पोरं, सुगीला अख्खा गाव लागतो. मेंढराला एक मेंढपाळ आणि एक कुत्रं पुरतं. मजुरी चढलेली असताना जमीनदाराला हा हिशेब करायला फार वेळ लागला नसेल.

१५१७ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात, त्याचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी यानं देशभर चौकशी बसवली: १४८८ नंतर कुणी कुठे किती घरं पाडली, किती शेती मोडून कुरणं केली. व्हॅरम पर्सीपुढे हिल्टनच्या नावावर लिहिलं गेलं, चार औतं बसली आणि चार घरं पडली. संपलं. पाचशे-सहाशे वर्षांच्या सलग वस्तीचा शेवट एवढ्या ओळीत मावला.

चार औतं. एका औतामागे किती पोटं असतात हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. ती चार कुटुंबं कोण, त्यांना कितीशी मुदत दिली, ती कुठे गेली, हे चौकशीत विचारलेलंच नाही. नोंद घरांची आहे, माणसांची नाही. म्हणून महामारीचं नाव घेतलं की मला राग येतो. साथीला कुणी जबाबदार नसतं. इथे एक निर्णय होता, करणारा होता, आणि त्या निर्णयाचा फायदा कुणाला झाला हेही ठाऊक आहे. दीडशे वर्षं तग धरून राहिलेल्या शेवटच्या चार घरांचा चिवटपणा आपण एका रोगाच्या नावाखाली पुसून टाकतो, आणि त्याबरोबर हिल्टनही सुटतो.

गाव गेलं, चर्च राहिलं. थिक्सनडेल, टाऊथॉर्प, रेस्थॉर्प, बर्डेल ही आसपासची वस्ती याच चर्चच्या हद्दीत होती, त्यामुळे साडेतीनशे वर्षं लोक टेकड्या ओलांडून या ओसाड दरीत येत राहिले: लग्नाला, बारशाला, मयत घेऊन. चर्चच्या भिंतीत गावाचा इतिहास उघडाच लिहिलेला आहे. आधी दहाव्या शतकातलं लहानसं लाकडी देऊळ, मग दगडी, मग माणसं वाढली तशा दोन्ही अंगांना कमानी काढून पडव्या वाढवल्या. माणसं घटली तशा पडव्या पाडल्या आणि कमानी चिणून टाकल्या. त्या बुजवलेल्या कमानी बाहेरून स्पष्ट दिसतात. मुलाला लहान झालेला सदरा उसवून सैल करतात, इथे उलटं. अंगच लहान होत गेलं आणि सदरा आत घ्यावा लागला. १८७० मध्ये थिक्सनडेलला स्वतःचं चर्च झालं. इथली शेवटची प्रार्थना १९४९ ची, म्हणजे बेरेसफर्डची कुदळ पडण्याच्या एक वर्ष आधीची. १९५९ च्या वादळात मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला.

साडेचार वाजले तसं ऊन आणखी खाली आलं आणि पठारावर गाव पूर्ण उगवलं. मला तोवर थंडी वाजायला लागली होती, तरी निघवेना. बांधांच्या एका बाजूला सोनेरी रेघ, दुसऱ्या बाजूला काळी. रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना घरठाणं, मागे परडी, परड्यांमागे शीव. आत्ता कुणी नकाशा मागितला असता तर मी बोटानं काढून दिला असता. दोन मेंढ्या एका घराच्या मधोमध बसून रवंथ करत होत्या.

मुलगी माझ्या पुढे होती. एका घराजवळ ती थबकली. गवताचा बांध तिच्या घोट्याच्याही वर नव्हता, एक पाय उचलला असता तर ती आत असती. ती उलट बांधाच्या कडेकडेनं चालत गेली, वळली, आणि जिथे बांध तुटून दोन हातांची जागा मोकळी होती तिथून, दारातून, आत गेली.